भट्टी, गाडी आणि लाल पिशवी

टिळकवाडीची सिस्टर:
“दवाखान्याचा कचरा नेणाऱ्या गाडीवाल्याला महिन्याचे पैसे कशाला? मागच्या अंगणात भट्टी लावून सगळे जाळा,” हा येथे काल दिलेला सल्ला वाचून गप्प बसवले नाही. सलाईनच्या बऱ्याच नळ्या पीव्हीसी प्लास्टिकच्या असतात आणि त्या मंद आचेवर जळाल्या की डायॉक्सिन हे अतिशय विषारी रसायन तयार होते. म्हणूनच दवाखान्यांच्या कचऱ्याबाबतच्या २०१६ च्या नियमांनी भट्टीच्या धूर पुन्हा जाळणाऱ्या दुसऱ्या कक्षासाठी १०५० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान ठरवून दिले असून, ७५ किलोमीटरच्या आत अनेक दवाखान्यांचा कचरा हाताळणारा सामाईक प्रकल्प असल्यास स्वतःची भट्टी लावताच येत नाही. मुळात लाल पिशवीतले प्लास्टिक जाळायचेच नसते. ते निर्जंतुक करून, तुकडे करून पुनर्वापराला द्यायचे असते.

खानापूरचे डॉक्टर:
तो सल्ला माझाच होता. सिस्टर, नियम आम्हालाही पाठ आहेत. माझा दवाखाना सहा खाटांचा. पावसाळ्यात गाडी चार-चार दिवस फिरकत नाही आणि पिवळ्या पिशवीतला कचरा ४८ तासांपेक्षा जास्त ठेवू नये, असे तेच नियम सांगतात. मग रक्ताने भिजलेले बोळे काय उशाशी घेऊन झोपू?

कडोलीकर:
गाडीचे नंतर बघू. माझी आई एका रुग्णालयात आया होती. कोणत्या पिशवीत काय टाकायचे याचा फलक कन्नड आणि इंग्रजीत, आणि तिला वाचता येई ते मराठी. सुई पांढऱ्या डब्याऐवजी कोणीतरी लाल पिशवीत टाकली आणि गाठ बांधताना ती आईच्या अंगठ्यात गेली. पुढचे सहा महिने आम्ही रक्ततपासणीच्या अहवालांची वाट पाहण्यात काढले.

निपाणीकर:
आईबद्दल वाईट वाटते, परंतु प्रत्येक विषयात फलकाची भाषा आणलीच पाहिजे का? रंगाला भाषा नसते.

कडोलीकर:
रंगाला नसते, “सुईसकट सिरिंज टाकू नये” या वाक्याला असते. आपल्या घरात कोणाला सुई टोचली नाही, म्हणून आपल्याला हे सुचते.

टिळकवाडीची सिस्टर:
भांडू नका. आमच्या वॉर्डात आम्ही फलकावर न वापरलेला हातमोजा, नळीचा तुकडा आणि रिकामे खोके असे प्रत्यक्ष चिकटवले, तेव्हापासून सलाईनची खोकी पिवळ्या पिशवीत जाणे थांबले. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दवाखान्यातला सुमारे ८५ टक्के कचरा साधाच असतो. तो रक्ताच्या बोळ्यांत मिसळला की सगळाच धोक्याचा होतो आणि डॉक्टरसाहेबांची पिशवीही उगाच फुगते. गाडीबाबत मात्र त्यांचे म्हणणे खरे आहे, हे नाइलाजाने मान्य करते.

खानापूरचे डॉक्टर:
उपकार झाले. हातमोजा उद्याच चिकटवतो. वेळेवर येणारी गाडी कोठे मिळाली, तर तीही फलकावर चिकटवून पाठवा.