मदत हवी आहे: कोलकात्यात दहा दिवस सेवेला जायचंय, नोंदणी अडली आहे

निशिगंधा
नमस्कार मंडळी. पुढच्या आठवड्यात सेवेसाठी कोलकात्याला जायचं आहे. तिकीट काढून झालंय. तीन ई-मेल केले, एकालाही उत्तर नाही. आता ते म्हणतात, आधी पैसे भरा, मग जागा पक्की. भरू की नको? आणि राहायचं कुठे? कुणी जाऊन आलं असेल तर आज-उद्यात सांगा, माझ्याकडे वेळ अजिबात नाही.

पाणवठा
ताई, 'ते' म्हणजे कोण? कुठल्या संस्थेत चालला आहात, एकट्या की चर्चच्या तरुण संघाबरोबर? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

निशिगंधा
मदर तेरेसांच्या सिस्टर्सकडे. एकटीच. दहा दिवस. माझा जीएनएमचा नर्सिंग कोर्स पूर्ण झालाय, नोकरीवर रुजू होण्याआधी एवढीच सवड आहे. पैसे एक मध्यस्थ मागतायत, नेटवर सापडले. राहणं, नोंदणी, सगळं ते बघणार म्हणे.

जुनी_शिदोरी
एक रुपयाही भरू नका. मिशनरीज ऑफ चॅरिटी, म्हणजे मदर तेरेसांची संस्था, स्वयंसेवकांकडून शुल्क घेत नाही आणि सिस्टर्सकडे सेवेसाठी मध्यस्थ लागत नाही. राहण्या-जेवणाचा खर्च मात्र आपला आपण करायचा, संस्थेत राहायची सोय नसते.

मी दोनदा जाऊन आले. माझ्या वेळी सोमवार, बुधवार आणि शुक्रवारी दुपारी ३ वाजता शिशुभवनात (सिस्टर्सचा अनाथ मुलांचा आश्रम) नावनोंदणी व्हायची. मातृभवनपासून, म्हणजे सिस्टर्सच्या मुख्यालयापासून, ते चालत पाच-दहा मिनिटांवर, त्याच आचार्य जगदीशचंद्र बोस रोडवर. ओळखपत्र न्यायचं, सिस्टर समोर बसवून विचारपूस करतात आणि सिस्टर्सच्या कुठल्या घरात, म्हणजे आश्रमात, काम करायचं ते ठरतं. वेळा बदलत असतात, म्हणून ई-मेलची वाट बघत बसू नका, सरळ मातृभवनला फोन लावा.

मुलगी एकटी असेल तर मिडलटन रोवरच्या वायडब्ल्यूसीएत (महिलांच्या ख्रिस्ती संस्थेचं वसतिगृह) चौकशी करा. बरेच स्वयंसेवक सडर स्ट्रीटला उतरतात, पण तिथे रात्री उशिरापर्यंत गजबज असते आणि आपल्याला पहाटे उठायचं असतं.

मळ्यातला
मला एक कळत नाही. दहा दिवसांसाठी दोन हजार किलोमीटर कशाला जायचं? केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आपल्या दारात आहे. तिथे महिन्यातून एक दिवस जरी वर्षभर गेलात तरी माणसं ओळखीची होतात. दहा दिवसांत तिथल्या आजारी माणसाला तुमचं नावही लक्षात राहत नाही. आमच्या मंडळीतले चार जण असेच एका शहरात जाऊन आले, भिंती रंगवल्या, फोटो काढले, परत आले. भिंती रंगवायला तिथे माणसं नव्हती का?

जुनी_शिदोरी
दादा, भिंतींचं तुमचं म्हणणं पटतं. पण तिथे रोज कपडे धुवायचे असतात, आणि ते काम नाव लक्षात राहण्यावर अडत नाही. मी प्रेमदानमध्ये, सिस्टर्सच्या आजारी-वृद्धांच्या घरात, होते. सकाळी पहिलं काम धुलाईचं. सिमेंटच्या टाक्या, एकीत साबण, पुढच्यांत साधं पाणी. घोंगडी भिजली की एकटीला उचलत नाही. एक टोक मी धरायचं, दुसरं समोरच्या कोरियन मुलीने, आणि दोघींनी उलट दिशेला पीळ द्यायचा. भाषा एकमेकींना येत नव्हती, पण तिसऱ्या दिवशी पीळ कधी थांबवायचा ते नजरेने कळायला लागलं. मग गच्चीवर वाळत घालायचं. ते झालं की आज्यांना तेल लावणं, नखं कापणं, भरवणं. मी नसते तर दुसऱ्या कुणीतरी केलं असतं, हे खरं. पण त्या दिवशी ते मला करायला मिळालं.

निशिगंधा
पण मी नर्स आहे. मला ड्रेसिंग वगैरे करायला देणार नाहीत का? कपडे धुवायला मी कशी काय जाऊ?

जुनी_शिदोरी
नर्स आहात हे नोंदणीच्या वेळी आवर्जून सांगा, कुठे लावायचं ते सिस्टर ठरवतील. पण 'मी हेच करणार' असं मनात धरून जाऊ नका. माझ्याबरोबर एक डॉक्टर होत्या, त्या पहिले तीन दिवस ताटं घासत होत्या.

रेलवेडा
कुठली गाडी, कोणत्या वारी, हे कुणी विचारलंच नाही!

निशिगंधा
पुण्याहून आझाद हिंद, मंगळवार संध्याकाळ. परतीचं पुढच्या मंगळवारी रात्री हावड्याहून.

रेलवेडा
म्हणजे गुरुवारी पहाटे हावडा. आणि जुनी_शिदोरी, मी वाचलंय की गुरुवारी स्वयंसेवकांना सुट्टी असते. बरोबर ना?

जुनी_शिदोरी
अगदी बरोबर, गुरुवारी सुट्टी. माझ्या ध्यानातच आलं नाही.

रेलवेडा
मग मोजा ताई. गुरुवार गेला. शुक्रवारी दुपारी नोंदणी. काम शनिवारपासून. शनि, रवि, सोम, मंगळ. तुमच्या दहा दिवसांत सेवेचे दिवस चार. परतीचं तिकीट पुढे ढकला, आजच. हावड्याहून येणाऱ्या गाड्यांची वेटिंग लिस्ट झपाट्याने वाढते.

शब्दपारखी
गुरुवार फुकट घालवू नका! हावड्याहून लोकल पकडून बंगालमधल्या श्रीरामपूरला जा. इंग्रज मिशनरी विल्यम कॅरी १८०० साली तिथे आले आणि त्यांचं मराठीचं व्याकरण १८०५ मध्ये तिथूनच छापून निघालं. पुढे १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोशही. कॅरी कोलकात्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवत, पंडित वैजनाथ त्यांचे सहकारी. छापील मराठीतली सुरुवातीची काही पुस्तकं हुगळीच्या काठावर निघाली. १८१८ मध्ये सुरू झालेलं कॉलेज अजून उभं आहे, कॅरींची कबरही श्रीरामपुरातच. मराठी ख्रिस्ती माणसाने तिथे एकदा तरी उभं राहायलाच हवं.

मळ्यातला
ताईंनी नोंदणी विचारली होती, व्याकरण नव्हे. आणि चारच दिवस म्हणजे माझंच म्हणणं खरं ठरलं.

शब्दपारखी
त्या दिवशी नाहीतरी काम नाही. मी जे सांगितलं ते मनापासून सांगितलं.

निशिगंधा
चार दिवस वाचून पोटात गोळाच आला. घरी अजून सांगितलं नाही. अजून एक, मी सीएनआयची (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, प्रोटेस्टंट) आहे, कॅथलिक नाही. चालेल का?

पाणवठा
चालतं. कुठल्याही धर्माचे, कुठलाच धर्म न मानणारेही येतात. सकाळी ६ ला मातृभवनात मिस्सा (कॅथलिक उपासना) असते, यायची सक्ती नाही. आलात तर बसा, प्रार्थना करा. पवित्र भाकर मात्र कॅथलिकांनाच दिली जाते. हात छातीवर घेऊन पुढे गेलात तर फादर आशीर्वाद देतात. नंतर खाली चहा, पाव आणि केळं, तिथून सगळे आपापल्या कामाच्या आश्रमाकडे निघतात. कालीघाटचं निर्मल हृदय, मरणासन्न माणसांचं घर, बघायला मिळालं तर बघा. १९५२ मध्ये मदरनी ते काली मंदिराच्या शेजारी यात्रेकरूंच्या धर्मशाळेच्या जागेत सुरू केलं.

दवबिंदू
सगळं वाचलं नाही, पण पैसे भरणार असाल तर पक्की पावती घ्या. आणि कॅमेरा चांगला न्या.

जुनी_शिदोरी
दवबिंदू, पैसे भरायचेच नाहीत, वर लिहिलंय. आणि घरांमध्ये फोटो काढायला मनाई आहे. मरणाच्या दारातल्या माणसाचा फोटो काढूच नये.

निशिगंधा
फोन लागला! एका सिस्टरने उचलला. म्हणाल्या, ये. शुक्रवारी दुपारीच यायला सांगितलं. मध्यस्थाला 'नको' म्हणून कळवलं. घरी आईला सांगितलं, ती आधी रडली, मग म्हणाली जायचंच असेल तर चार दिवसांसाठी जाऊ नकोस. जिथे रुजू होणार आहे तिथे विचारून तारीख एक आठवड्याने पुढे घेतली, परतीचं तिकीटही त्याच्याही पुढच्या मंगळवारचं मिळालं, वेटिंग ११ आहे. मळ्यातला दादा, केडगावचं तुमचं म्हणणं मी मनात ठेवलंय. आल्यावर जाईन.

मळ्यातला
नक्की या. मी महिन्याच्या पहिल्या शनिवारी असतो.

रेलवेडा
आझाद हिंदला ११ बहुतेक होईल कन्फर्म. तरी चार्ट तपासत राहा.

जुनी_शिदोरी
दोन जुने सलवार कमीज न्या, ओले होऊन फाटतील असे. ओढणी पिन लावून घट्ट बांधा, टाकीत पडते. पायात पकड असलेली रबरी चप्पल. एप्रन तिथे मिळतो. आणि नखं निघायच्या आधीच कापून जा, पहिल्याच दिवशी कुणाला तरी भरवायला लागेल.