अ‍ॅम्प कानात टोचतोय, ट्रेबल (बारीक, तीक्ष्ण आवाज) कमी करूनही. मदत हवी आहे

रात्रीचा_रियाज:
मंडळी, शनिवारी कार्यक्रम आहे आणि गिटारच्या पहिल्या दोन तारा वाजवल्या की कानात सुई टोचल्यासारखं होतं. ट्रेबल दोनवर आणला तर सगळा आवाज मळकट होतो आणि टोचणं आहेच. लवकर सांगा. नवीन अ‍ॅम्प घ्या हे उत्तर नको.

सोल्डर_आणि_चहा:
कुठला अ‍ॅम्प? गिटार कुठली? मध्ये पेडल आहेत का, आणि व्हॉल्यूम कितीवर असतो?

निकेलप्रेमी:
तारा बदला. मी प्युअर निकेल लावतो, स्टीलपेक्षा खूप मऊ वाजतात.

पाचवा_फ्रेट:
तारांनी एवढा फरक नाही पडत. केबल लांब घ्या, सहा मीटरला केबलची कपॅसिटन्स पाच-सहाशे पिकोफॅरड होते, वरचं ट्रेबल आपोआप गळतं.

निकेलप्रेमी:
दोन्ही करून बघितलंय मी. लांब केबलने पिकअपचा (तारांची कंपनं पकडणाऱ्या कॉइलचा) रेझोनन्स, म्हणजे जिथे आवाज सगळ्यात उठून येतो ती जागा, खाली सरकतो, कधीकधी तो जास्तच बोचतो.

कोथरूडकर_बेस:
अर्थिंग तपासा आधी. आमच्या जुन्या बिल्डिंगीत अर्थ नव्हता, सारखी गुणगुण यायची.

रात्रीचा_रियाज:
गुणगुण नाहीये हो. टेलीकास्टर, ब्रिज पिकअप. अ‍ॅम्प फेंडरच्या डिलक्स रिव्हर्बच्या सर्किटवर एकाने हाताने बनवलेला, 22 वॅट, त्याला नॉर्मल आणि व्हायब्रेटो असे दोन चॅनल आहेत, मी व्हायब्रेटोला लावतो. पेडल एकच, ओव्हरड्राइव्ह (आवाज फाटका करणारं). घरी व्हॉल्यूम दोनच्या वर नेता येत नाही, शेजारी तान्हं बाळ आहे.

सोल्डर_आणि_चहा:
मग कारण बहुतेक हेच. त्या चॅनलच्या व्हॉल्यूम पॉटवर (खुंटीमागच्या भागावर) 47 पिकोफॅरडचा ब्राइट कपॅसिटर असतो. व्हॉल्यूम कमी असला की बाकीचा आवाज पॉटमध्ये अडतो पण ट्रेबल कपॅसिटरमधून परस्पर पुढे जातो, वाढवत नेलात की हा फरक मिटत जातो. आणि तो टोन स्टॅकच्या (ट्रेबल-बासच्या सर्किटच्या) नंतर बसतो, त्यामुळे ट्रेबलची खुंटी फिरवून पूर्ण जात नाही. नॉर्मल चॅनलला तो नसतो, तिथे लावून बघा. रिव्हर्ब (घुमणारा आवाज) मात्र नाही मिळणार.

पाचवा_फ्रेट:
कापूनच टाका ना तो कपॅसिटर, त्याची एक तार तोडली की झालं.

सोल्डर_आणि_चहा:
कृपा करून असं सांगू नका कुणाला. प्लग काढल्यावरही आत 400 व्होल्ट साठून राहू शकतात. जाणकाराकडूनच काढून घ्या.

रात्रीचा_रियाज:
नॉर्मलला लावला, टोचणं बरंच गेलं!! पण कार्यक्रमात रिव्हर्ब हवाच आहे मला.

निकेलप्रेमी:
तारा कुठल्या आहेत ते अजून सांगितलं नाहीत.

सोल्डर_आणि_चहा:
स्टेजवर व्हॉल्यूम पाचवर जाईल ना, मग व्हायब्रेटोच वापरा.

रात्रीचा_रियाज:
साउंडवाले वाढवू देत नाहीत, माइक लावणार म्हणतात.

सोल्डर_आणि_चहा:
मग माइक स्पीकरच्या मधोमध नको, कोनच्या कडेकडे सरकवायला सांगा. मध्यावरच सगळ्यात कर्कश येतं. आणि ओव्हरड्राइव्हची टोनची खुंटी घड्याळातल्या नऊच्या दिशेला ठेवा.