विवेकवाद्यांचाही मठ होतो का?

साशंक (धागाकर्ता)
अकरा वर्षं एका विवेकवादी गटात काढली, गेल्या वर्षी बाहेर पडलो. कारण अगदी किरकोळ. आमच्या पत्रकातला एक आकडा ज्या अहवालाच्या नावावर छापला होता, त्या अहवालात तो नव्हताच. मी बैठकीत तसं सांगितलं. उत्तर आलं, "आत्ता हे उकरून काढलंस तर विरोधकांच्या हाती कोलीत मिळेल." हे वाक्य मी आधीही ऐकलं होतं, पण धर्मसंस्थांच्या तोंडून.

मग एकेक गोष्ट डोळ्यांत खुपायला लागली. नव्या सदस्याने उभं राहून आपण श्रद्धेतून कसे सुटलो ते सांगायचं, बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. वाल्याचा वाल्मीकी झाल्याचीच गोष्ट, फक्त दिशा उलटी. जोडीला संस्थापकांची वचनं, आणि कोण "अजून पुरता सुटलेला नाही" याची कुजबुज.

हे काही नवं नाही. एकोणिसाव्या शतकातल्या ऑग्युस्त कोंत या फ्रेंच तत्त्वज्ञाने देव वजा करून मानवतेचा धर्म काढला. १८४९मध्ये त्याची दिनदर्शिकाही आली: अठ्ठावीस दिवसांचे तेरा महिने, संतांच्या जागी थोर माणसं. प्रमुख पुरोहित कोण? स्वतः कोंत! थॉमस हक्सली या इंग्रज जीवशास्त्रज्ञाने त्याला "ख्रिस्ती धर्म वजा केलेला कॅथलिक पंथ" म्हटलं होतं.

तिरकस रेघ
असहमत. टाळ्या, कुजबुज, संस्थापकांचं कौतुक हे बुद्धिबळाच्या क्लबातही असतं आणि कामगार संघटनेतही. माणसं जमली की हे होणारच. त्याला धर्म म्हणायचं तर धर्म नसलेलं काही उरतच नाही. शिवाय कोंतचं उदाहरण सोयीचं आहे. त्याला धर्मच काढायचा होता, त्याने तो काढला. संशयवाद्यांच्या माथी तो कशाला?

पाणवठा
इथे सगळे कर्मकांड ही शिवी असल्यासारखं बोलताहेत. माझे वडील नास्तिक होते. ते गेले तेव्हा त्यांचे मित्र जमले, एकाहून एक वाद घालणारे. पण त्या दिवशी हातांनी काय करायचं हे एकालाही ठाऊक नव्हतं. शेवटी सगळे घड्याळाकडे बघत उभे राहिले. तेव्हा मला विधी हवा होता, आणि हे सांगायला लाज वाटत नाही.

नॉर्वेत १९५१पासून वयात येणाऱ्या मुलांचा निधर्मी दीक्षासमारंभ होतो. ज्याला हवं तो येतो. पूर्व जर्मनीत १९५५पासून सरकारने असाच समारंभ चालवला, पण तिथे नाही म्हणणाऱ्याची पुढच्या शिक्षणाची वाट अडायची. सोहळा साधारण तोच. मला फरक दिसतो तो "नाही" म्हणणाऱ्याचं पुढे काय होतं, यात.

साशंक
@पाणवठा, हा मुद्दा माझ्यापेक्षा नेमका मांडलात. विधीबद्दल माझी तक्रार नाहीच.

@तिरकस रेघ, बरं, कोंत सोडा. थेट संशयवाद्यांचं उदाहरण घ्या. अतींद्रिय दाव्यांची तपासणी करायला अमेरिकेत १९७६मध्ये समिती स्थापन झाली. मिशेल गोकलँ या फ्रेंच संशोधकाचा दावा होता की अव्वल खेळाडूंच्या जन्मवेळी मंगळ आकाशाच्या ठरावीक भागांत जास्त वेळा असतो. समितीशी संबंधित मंडळींनी तो तपासला. डेनिस रॉलिन्स हा समितीच्या कार्यकारिणीतलाच खगोलअभ्यासक. त्याचं म्हणणं पडलं की पहिल्या चाचणीचा निकाल गोकलँच्या बाजूने गेला आणि तो झाकला गेला. रॉलिन्सचा फलज्योतिषावर काडीचा विश्वास नव्हता, तरी तो कार्यकारिणीबाहेर गेला. १९८१मध्ये त्याने सगळं छापलं, तेही अतींद्रिय गोष्टींना वाहिलेल्या मासिकात!

तिरकस रेघ
गोष्ट अर्धीच सांगितलीत. १९८३मध्ये गोकलँचा दावा तपासणाऱ्या तिघांनीच, एबेल, कुर्ट्झ आणि झेलेन यांनी, आपल्या काही चुका छापून मान्य केल्या. दोन वर्षांत. धर्मपीठांना अशा कबुलीला शतकं लागतात.

मधलं बोट
+१ तिरकस. पण बहिष्काराचं काय? अमेरिकन ह्युमनिस्ट असोसिएशन या मानवतावादी संघटनेने जीवशास्त्रज्ञ आणि नास्तिक लेखक रिचर्ड डॉकिन्सना १९९६मध्ये सन्मान दिला आणि २०२१मध्ये पारलिंगी व्यक्तींबद्दलच्या ट्वीटवरून तो परत घेतला. ट्वीट मलाही पटलं नव्हतं. पण पंचवीस वर्षांपूर्वीचा सन्मान मागे घेणं म्हणजे पंगतीतून उठवणंच की.

तिरकस रेघ
पंगतीतून उठवलं तर लग्नं मोडायची, रोटीबेटी तुटायची. डॉकिन्स दुसऱ्या दिवशीही लिहीत होते, बोलत होते. उपमा जरा जपून वापरा.

पाणवठा
अवांतर: लंडनमध्ये २०१३ साली देवाविना रविवारची सभा सुरू झाली, गाणी आणि व्याख्यानासकट. न्यूयॉर्कच्या शाखेत लवकरच फूट पडली. मुद्दा काय, तर "नास्तिक" हा शब्द वापरायचा की नाही. हसावं की रडावं!

तिरकस रेघ
फूट पडली म्हणजे जिवंत आहेत. :)
@साशंक, एक विचारायचं राहिलं. त्या पत्रकाचं पुढे काय झालं?

साशंक
दोन महिन्यांनी नवी आवृत्ती निघाली. त्यात तो आकडा नाही.

तिरकस रेघ
मग? दुरुस्ती झाली की!

साशंक
झाली. आधी चुकीचं छापलं होतं हे मात्र त्यात कुठेच नाही. आणि मला बैठकीचे निरोप येणं त्याच महिन्यात बंद झालं.