मदत हवी आहे: कांगारूच्या गुडघ्याला वाटी का नसते?

मंडळी, एमएस्सीच्या सेमिनारला शिशुधानी (पिल्लांना पोटावरच्या पिशवीत वाढवणाऱ्या) प्राण्यांचा गुडघा हा विषय घेतलाय. कांगारू, कोआला, ऑपोसम यांच्या गुडघ्यावर हाडाची वाटी नाही. क्वाड्रिसेप्सच्या (मांडीच्या पुढच्या स्नायूंच्या) कंडरेत त्या जागी तंतुमय कूर्चेची नुसती गादी. बँडिकूट (आपली घूस नव्हे) आणि मार्सुपियल मोल या शिशुधानींना मात्र चांगली हाडाची वाटी! अंडी घालणाऱ्या प्लॅटिपसलाही आहे.

'उड्या मारतात म्हणून' हे उत्तर कृपया नको. ससाही उड्या मारतो, त्याला वाटी आहे की!

कूर्चेचं हाड होणं नेमकं कशाने अडतं, सांध्यावरच्या भाराने की जनुकांमुळे? शिवाय वॉम्बॅट या शिशुधानी प्राण्याच्या फिब्युलाच्या (नडगीशेजारच्या बारीक हाडाच्या) वरच्या टोकाशी पॅराफिब्युला नावाचं छोटं हाड असतं. ते मागच्या बाजूने दाखवणारी स्वच्छ आकृती कुणाकडे असेल तर प्लीज पाठवा.