टाइमडेल्टामधील एक दिवस कोठे जातो?

प्रश्न: पायथन या प्रोग्रामिंग भाषेत दोन वेळांची वजाबाकी करून मिळालेल्या टाइमडेल्टाचे (म्हणजे कालावधी साठवणाऱ्या ऑब्जेक्टचे) 'सेकंड्स' वाचले असता, एक दिवस दोन तासांच्या कालावधीसाठी केवळ ७२०० हे उत्तर येते. असे का होते?

उत्तर १: टाइमडेल्टा आपली किंमत दिवस, सेकंद आणि मायक्रोसेकंद अशा तीन भागांत साठवतो, आणि 'सेकंड्स' हा त्यांतील केवळ मधला भाग असल्यामुळे तो ८६,३९९ च्या पुढे कधीच जात नाही. संपूर्ण कालावधीसाठी 'टोटल_सेकंड्स()' वापरावे. उत्तर ९३,६०० येईल. ऋण कालावधी तर अधिकच फसवा असतो, कारण उणे एक सेकंद हा उणे एक दिवस अधिक ८६,३९९ सेकंद असा साठवला जातो.

उत्तर २: वरील उत्तराला एक पुरवणी जोडतो. दोन्ही वेळांना एकच टाइमझोन ऑब्जेक्ट जोडलेला असेल, तर वजाबाकी घड्याळातील आकड्यांचीच होते आणि उन्हाळी वेळेच्या बदलाचा तास (काही देशांत उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतात, तो) हिशेबात धरला जात नाही. म्हणून आधी दोन्ही वेळा यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, आणाव्यात.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. प्रोग्रामला लागलेला वेळही अशाच वजाबाकीने मोजावा का?

उत्तर २: नाही. सिस्टिमचे घड्याळ मध्येच मागेपुढे केले जाऊ शकते, त्यामुळे तेथे कधीच मागे न जाणारे घड्याळ, म्हणजे 'टाइम.मोनोटॉनिक()', वापरावे.