१७०७ च्या 'युनियन'ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न

एका लेखाचं भाषांतर करतेय, त्यात इंग्लंड-स्कॉटलंडचं १७०७ चं 'अ‍ॅक्ट ऑफ युनियन' आलंय. मी 'विलीनीकरण' लिहिलं, संपादक म्हणतात 'एकीकरण' करा. मला दोन्ही खटकतायत. आपली संस्थानं विलीन झाली तसंच होतं का हे? आणि एवढी शतकं एकमेकांशी लढलेले लोक अचानक तयार कसे झाले?

उत्तर

विलीनीकरणच लिहा. एडिनबराची पार्लमेंट बंद, सगळा कारभार लंडनला. मोठ्याने छोट्याला गिळलं, अजून काय.

उत्तर

गिळलं वगैरे इतकं सरळ नाहीये हो. आधी १६०३ आणि १७०७ वेगळं करा, मराठीत सर्रास घोळ होतो. १६०३ ला स्कॉटलंडचा सहावा जेम्स इंग्लंडचाही राजा झाला, म्हणजे राजा एक पण राज्यं दोन, पार्लमेंट दोन, कायदे दोन. जवळजवळ शंभर वर्षं हे असंच चाललं. १७०७ ला पार्लमेंट एक झाली, आणि ती कुठल्या लढाईत हरून नाही तर २५ कलमांचा तह वाटाघाटी करून.

कारण दोघांचं वेगळं होतं. इंग्लंडला भीती वारसाची, अ‍ॅन राणीचं एकही मूल जगलं नव्हतं, १७०१ ला इंग्लंडने गादी हॅनोव्हर घराण्याला द्यायचं ठरवलं तेही स्कॉटलंडला न विचारता, मग स्कॉट पार्लमेंटने कायदा केला की आम्ही आमचा राजा वेगळा निवडू शकतो. फ्रान्सशी युद्ध चालू असताना उत्तरेला वेगळा राजा, तोही कदाचित फ्रान्सच्या आश्रयाला असलेल्या, गादी गमावलेल्या स्टुअर्ट राजघराण्यातल्यांपैकी, हे लंडनला कसं परवडणार? म्हणून १७०५ चा एलियन अ‍ॅक्ट: बोलणी सुरू करा, नाहीतर तुमची गुरं, लिनन, कोळसा इंग्लंडात बंद. सरळसरळ नाक दाबणं.

स्कॉटलंडचा प्रश्न पैशाचा. १६९० च्या दशकात दुष्काळ, त्यात १६९८ ला पनामाजवळ डॅरिएनला वसाहत काढायला निघाले, ४ लाख पौंडाचं भांडवल लोकांकडून कबूल करून घेतलेलं, तिथे ताप आणि उपासमार, वर स्पॅनिश वेढा, १७०० पर्यंत सगळं बुडालं. इंग्लंडच्या वसाहतींशी खुला व्यापार मिळणं हे मग खूपच मोठं आमिष झालं.

उत्तर

आणि लाच? तहात स्कॉटलंडला द्यायची ठरलेली ३,९८,०८५ पौंडांची रक्कम, म्हणजे 'इक्विव्हॅलंट', विसरू नका.

उत्तर

विसरलो नाही. कागदोपत्री ती भरपाई होती, कारण स्कॉटलंडला आता इंग्लंडच्या कर्जाचा बोजा करातून उचलावा लागणार होता, त्यातून डॅरिएनच्या भागधारकांना मुद्दल ५ टक्के व्याजासकट परत मिळणार होतं. आता त्यातले काही भागधारक पार्लमेंटमध्येच बसलेले, तेव्हा लाच म्हणणाऱ्यांना मी अगदीच खोटं ठरवणार नाही. शिवाय काहींना थेट पैसे पोचले ते वेगळेच. रस्त्यावर तर विरोधच होता, एडिनबरा आणि ग्लासगोला दंगे झाले. पण फक्त लाच म्हटलं की व्यापार आणि वारसा दोन्ही गायब होतात, ते मला पटत नाही.

ताई, तुमच्या शब्दाचं: ही चर्चा तेव्हा तिथेच झालीय. सॉल्टनचा अँड्र्यू फ्लेचर म्हणत होता की संघराज्यासारखं काहीतरी करा, आपली पार्लमेंट ठेवा. ते हरले. झालं ते 'इन्कॉर्पोरेटिंग' युनियन, नवी एकच पार्लमेंट, त्यात कॉमन्सच्या ५५८ पैकी स्कॉटलंडचे ४५ आणि लॉर्ड्समध्ये १६. म्हणून 'संघ' नको. पण कायदा, कोर्टं, आणि प्रेस्बिटेरियन चर्च स्कॉटलंडचं वेगळंच राहिलं, आजही आहे. म्हणून विलीनीकरणही पूर्ण बसत नाही, संस्थान विलीन झाल्यावर त्याचा वेगळा कायदा कुठे उरला? मी 'संसदांचं एकीकरण' लिहिलं असतं, आणि कायद्याला 'एकीकरणाचा कायदा'.

उत्तर

+१. आणि पुढच्या परिच्छेदात १७०७ नंतरच्या सरकारला 'इंग्लंड सरकार' लिहू नका, ते ब्रिटन. आपण सगळ्यांनाच 'इंग्रज' म्हणतो, पुण्याचा एल्फिन्स्टन (आपला अलपिष्टन), जॉन माल्कम, ग्रँट डफ, तिघेही स्कॉट.

प्रश्नकर्ती

'संसदांचं एकीकरण' करते. 'इक्विव्हॅलंट'ला मात्र 'भरपाई' लिहून पुढे कंसात काहीच देत नाही, संपादक विचारतील तेव्हा बघू.