निर्मितीवर आधारित पीएच.डी. : चित्रे पुरतात, की प्रबंधही हवा?

प्रश्न : मुद्राचित्रणात (धातूच्या पाटीवर चित्र कोरून त्याचे कागदावर छाप घेण्याच्या कलेत) एम.एफ.ए. ही ललित कलेची पदव्युत्तर पदवी घेतल्यावर ब्रिटनमध्ये प्रत्यक्ष कलानिर्मितीवर आधारित पीएच.डी. करण्याचा माझा विचार आहे. तिथे केवळ कलाकृती सादर करून पदवी मिळते का?

उत्तर १ : नाही. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टसारख्या संस्थांत कलाकृतींसोबत लेखी प्रबंधही द्यावा लागतो. तो नेहमीच्या प्रबंधापेक्षा बराच आटोपशीर असतो, पण तोंडी परीक्षेत परीक्षक दोहोंचा एकत्रित विचार करतात. चित्रे उत्तम असणे पुरेसे नसते (ती एम.एफ.ए.लाही अपेक्षित असतातच), छापण्याच्या प्रक्रियेतूनच हाती लागले आणि इतरांनाही उपयोगी पडेल असे नवे ज्ञान कोणते, हे सिद्ध करावे लागते. ब्रिटिश कलाशिक्षणतज्ज्ञ ख्रिस्तोफर फ्रेलिंग यांनी १९९३ मध्ये कलेविषयीचे, कलेद्वारे होणारे आणि कलेसाठीचे संशोधन असा जो भेद मांडला, तो प्रस्ताव लिहिण्यापूर्वी अवश्य समजून घ्यावा.

उत्तर २ : पाटी कोरताना प्रत्येक टप्प्यावर घेतलेला चाचणी-छाप तारखेसह जपून ठेवावा, कारण प्रक्रियेतून काय हाती लागले याचा पुढे तोच पुरावा ठरतो. फिनलंडमधील हेलसिंकीच्या ललित कला अकादमीचाही विचार करावा. माझ्या मते, ज्यांचा कल लेखनापेक्षा निर्मितीकडे आहे, त्यांना ती अधिक मानवेल.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. प्रस्तावाचा मुख्य प्रश्न आता पाटीवरच्या आम्लप्रक्रियेभोवती (आम्लाने रेषा कोरण्याच्या पद्धतीभोवती) बांधतो.